लीगच्या नियमावलीत जातिवाचक-वर्णवाचक शब्दांसाठी कलम: शब्दरचना, पुरावा, शिक्षा

गलीपॉइंट (धागाकर्ता)

आमच्या जिल्ह्यातल्या लेदरबॉल लीगची नियमावली पुढच्या हंगामासाठी नव्याने लिहिली जातेय. १६ संघ, ८-८ चे दोन गट, ४० षटकांचे सामने, पंच असोसिएशनचे, सामनाधिकारी नाही. जुन्या नियमावलीत या विषयावर एकच ओळ आहे: "खेळाडूंनी सभ्य वर्तन ठेवावे, अन्यथा समिती योग्य ती कारवाई करेल." 'योग्य ती' म्हणजे कोणती हे कुणालाच माहीत नसल्यामुळे कारवाई कधी झालेली नाही.

समितीपुढचा कच्चा मसुदा असा:

"जात, धर्म, वर्ण, प्रांत, लिंग अथवा लैंगिकता यांवरून अपमानास्पद शब्द वापरल्यास रु. ५,००० दंड. पुन्हा घडल्यास एका सामन्याची बंदी."

यावर दोन गट पडलेत. एक म्हणतो दंड पुरे, दुसरा म्हणतो हंगामभर बाहेर बसवा. मला आकड्यापेक्षा पुराव्याची काळजी जास्त आहे. स्टंप माइक नाही, कॅमेरा नाही, एका संघाचे अकरा जण "बोलला" म्हणणार आणि दुसऱ्या संघाचे अकरा "नाही बोलला" म्हणणार. मोठ्या लीग हे कसं निस्तरतात आणि त्यातलं आपल्याला झेपेल असं काय आहे? नियम माहीत असलेल्यांनी कलमावर बोट ठेवून लिहावं. "खेळ माणसं जोडतो" छाप प्रतिसाद नकोत, ते समितीत भरपूर मिळतात.

तिसरा पंच

आधी त्या क्षणी मैदानावर काय करायचं ते ठरवा. चौकशी नंतर.

क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसीच्या २०१७ च्या नियमसंहितेत ४२ वा नियम खेळाडूंच्या गैरवर्तनाचा आहे. त्यात चार पातळ्या आहेत. साधी अश्लील भाषा पहिल्या पातळीत: पहिल्यांदा ताकीद, संघाकडून पुन्हा झाली तर समोरच्यांना ५ धावा. गंभीर अपमान करणारी भाषा दुसऱ्या पातळीत: थेट ५ धावा. तिसरीत खेळाडू काही षटकं बाहेर, मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश, म्हणजे तुमच्याकडे ८. चौथीत उरलेला सामना बाहेर.

गोम अशी की जातीवरून हासडलेला शब्द पंच या संहितेनुसार दुसऱ्या पातळीत टाकणार. म्हणजे ५ धावा गेल्या आणि बोलणारा पुन्हा तिथेच स्लिपमध्ये उभा. ज्याला तो बोलला तो दोन हातांच्या अंतरावर बॅट धरून उभा. पुढची दहा षटकं काय होणार ते सांगायला नको. म्हणून स्थानिक नियमांत एक वाक्य घाला: असा शब्द पंचाने स्वतः ऐकला तर चौथी पातळी लागू.

चौथी पातळी लावताना चुका कुठे होतात: बाहेर काढलेल्याच्या जागी बदली क्षेत्ररक्षक मिळत नाही, संघ दहा जणांनी खेळतो. गोलंदाज असेल तर उरलेलं षटक दुसरा टाकतो. फलंदाज असेल तर त्याची नोंद 'निवृत्त, बाद' अशी होते. 'निवृत्त, नाबाद' लिहिलं की नेट रनरेट आणि सरासरीवरून वेगळं भांडण सुरू. कर्णधाराने खेळाडू बाहेर काढायला नकार दिला तर सामना समोरच्या संघाला देता येतो. हे सगळं नाणेफेकीच्या आधी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवून सही घ्या.

आणि पंचाने स्वतः ऐकलं नसेल तर बाहेर काढायचं नाही. फक्त नोंद.

जुना भिडू

शिव्या कुठल्या मैदानावर नसतात? उद्या 'आयला' म्हणालं तरी फॉर्म भरायचा का? सामना संपला, हात मिळवले, विषय संपला. ही परदेशी थेरं आपल्या लीगला कशाला?

उलटतपासणी

भिडू, 'आयला'ला कुणी हात लावत नाहीये. आयसीसीनेही दोन वेगळी चोपडी ठेवली आहेत. साधी शिवीगाळ, वैयक्तिक अपमान हे आचारसंहितेत. वंश, धर्म, संस्कृती, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला अपमान हा वेगळ्या वर्णद्वेषविरोधी संहितेत. दुसरीत पहिल्याच गुन्ह्याला ४ ते ८ निलंबन गुण. दोन गुण म्हणजे एक कसोटी किंवा दोन वनडे/टी-२०. तिथे दंडावर सुटका नाही.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट उचलावी: निकष 'बोलणाऱ्याच्या मनात काय होतं' हा नाही, तर 'समोरच्याच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय वाटलं असतं' हा आहे. सरफराझ अहमदचं प्रकरण बघा. जानेवारी २०१९, डर्बन, दुसरी वनडे. दक्षिण आफ्रिकेचा अँडिले फेलुक्वायो फलंदाजीला, यष्टीमागून सरफराझचं "अबे काले" स्टंप माइकवर स्पष्ट ऐकू आलं. उर्दूत बोललेलं फेलुक्वायोला कळण्याची शक्यता शून्य. सरफराझने दुसऱ्या दिवशी माफी मागितली, नंतर प्रत्यक्ष भेटूनही मागितली, आरोप कबूल केला. तरी ४ गुण लागले आणि पाकिस्तानचा कर्णधार उरलेल्या दौऱ्यातले चार सामने बाहेर बसला. वर प्रशिक्षण सक्तीचं. "त्याला कळलंच नाही" आणि "मी गमतीत बोललो" हे दोन्ही बचाव नियम लिहितानाच बंद करायचे असतात. सुनावणीत बंद होत नाहीत.

गलीपॉइंट

हे पटलं. पण सरफराझच्या वेळी माइक होता. माइक नसेल तर?

उलटतपासणी

माइक असूनही काय होतं ते सिडनीत दिसलं. २००८ चं प्रकरण सगळ्यांना 'माकड' या शब्दासाठी आठवतं. नियम लिहिणाऱ्याने ते कार्यपद्धतीसाठी वाचायला हवं.

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा तिसरा दिवस, ४ जानेवारी. हरभजन आणि तेंडुलकर खेळतायत. हरभजन-सायमंड्स यांच्यात शब्दाला शब्द. पाँटिंगने पंचांकडे तक्रार केली. पंच बेन्सन आणि बकनर यांपैकी कुणीही वादातला शब्द ऐकला नव्हता. स्टंप माइकवर नंतरचं हेडनचं बोलणं आलं, तो शब्द आला नाही. सामना संपल्यावर ६ तारखेला रात्री उशिरापर्यंत सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सुनावणी घेतली आणि तीन कसोटींची बंदी घातली. साक्षी म्हणजे एका बाजूचे खेळाडू विरुद्ध दुसऱ्या बाजूचे खेळाडू. अगदी तुमचे अकरा विरुद्ध अकरा.

अपील गेलं न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्याकडे, ॲडलेडला, २९ जानेवारीला. हरभजनच्या बाजूने नागपूरचे व्ही. आर. मनोहर, महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता. तिथे वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही, शिवीगाळीचा २.८ हा खालचा आरोप राहिला आणि शिक्षा सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंडावर आली. यानंतरची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: हरभजनच्या आधीच्या गुन्ह्यांची पूर्ण यादी आयसीसीने हॅन्सनपुढे ठेवलीच नव्हती. २००१ मधल्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातली एका कसोटीची स्थगित बंदी त्यातून गळली होती. हॅन्सन यांनी नंतर सांगितलं की ते माहीत असतं तर शिक्षेचा वेगळा विचार झाला असता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत खेळांपैकी एका खेळाच्या कार्यालयात एक यादी धड ठेवली गेली नाही.

यातून घ्यायचं ते हे. सुनावणी सामना संपल्याच्या रात्री, तापलेल्या डोक्याने नको. साक्षी त्याच दिवशी हव्यात, निकाल त्याच दिवशी नको. आणि खेळाडूनिहाय नोंदवही ठेवा, नाहीतर "पुन्हा घडल्यास" या तुमच्या शब्दांना काही अर्थ नाही. गेल्या हंगामात कुणाला ताकीद दिली होती हे आज कुणाला विचाराल?

एरंडवणेकर

त्याच दिवशी साक्षी कशा घ्यायच्या यावर थोडं सविस्तर, कारण घोळ इथेच होतो.

तक्रार आली की पंचाने षटक संपायची वाट न बघता, चेंडू मृत झाल्यावर लगेच वेळ आणि षटक-चेंडू स्कोअररकडे लिहून घ्यायचं: "२३.४, दु. १२.५०, फलंदाजाची तक्रार, क्षेत्ररक्षक शॉर्ट लेग." शब्द जसाच्या तसा, टिंबं न देता. "जातिवाचक बोलला" अशी नोंद पुढे निरुपयोगी ठरते, कारण नेमकं काय ते पाच दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. मग डावाच्या मधल्या वेळेत किंवा सामना संपल्यावर, कुणीही मैदान सोडायच्या आत, जबाब. एकेकट्याचा. ज्याने लिहून दिलं त्याने परत ड्रेसिंग रूममध्ये जाऊन पुढच्याला पढवायचं नाही, म्हणून जबाब झालेले एका बाजूला बसवा. चारच प्रश्न: तुम्ही कुठे उभे होतात, नेमके कोणते शब्द ऐकलेत, त्याआधी काय बोलणं झालं, अजून कोण ऐकू शकेल इतकं जवळ होतं? क्षेत्ररचनेचा कागद सोबत जोडा. थर्ड मॅनला उभा असलेला माणूस "स्पष्ट ऐकलं" म्हणाला की तो जबाब आपोआप बाजूला पडतो.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचाही जबाब त्याच वेळी घ्या. फुटबॉलमधल्या सुआरेझ-एव्हरा प्रकरणात निकाल फिरला तो यावरच. ऑक्टोबर २०११, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. युनायटेडच्या एव्हराने सामन्यानंतर लगेच पंचाला सांगितलं की सुआरेझ वर्णावरून बोलला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) स्वतंत्र आयोगाने ११५ पानी कारणमीमांसा दिली. ती वाचली तर कळतं की थेट ध्वनिमुद्रण नसताना त्यांनी चित्रफितीतल्या हालचाली, सामन्यानंतर लगेच कुणी कुणाला काय सांगितलं आणि नंतरच्या जबाबात काय बदललं हे समोरासमोर ठेवलं. एव्हराचं सांगणं शेवटपर्यंत जुळत राहिलं, सुआरेझचं महत्त्वाच्या ठिकाणी विसंगत निघालं. आठ सामने आणि ४०,००० पौंड. अकरा विरुद्ध अकरा असली तरी सगळ्यांची साक्ष सारख्या वजनाची नसते. वजन करायला कागद मात्र पहिल्या तासातला हवा.

जुना भिडू

आणि खोटी तक्रार केली तर? चांगल्या बॅट्समनला सेमीफायनलच्या आधी अडकवायचं असेल तर हे सोपं हत्यार झालं.

एरंडवणेकर

रास्त शंका आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: 'सिद्ध झाली नाही' आणि 'खोटी होती'. सिद्ध न झालेल्या तक्रारीवर शिक्षा लावलीत तर पुढे कुणी तक्रारच करणार नाही. खोटी तक्रार हा स्वतंत्र आरोप ठेवा, त्याची वेगळी सुनावणी, आणि जाणूनबुजून खोटं बोलल्याचा पुरावा हवा. इंग्लंडच्या यॉर्कशर काउंटीतल्या वर्णद्वेषाबद्दल अझीम रफीक या खेळाडूने केलेल्या तक्रारीत मायकल वॉनवरचा २००९ सालच्या शेऱ्याचा आरोप मार्च २०२३ मध्ये सिद्ध होऊ शकला नाही. म्हणून अझीम रफीक खोटारडा ठरला नाही. त्याच मालिकेत यॉर्कशर क्लबला ४ लाख पौंड दंड झाला (त्यातला मोठा भाग स्थगित) आणि काउंटी चॅम्पियनशिपमधले ४८ गुण कापले गेले. हा गुण कापण्याचा प्रकार लक्षात ठेवा. क्लबने प्रकरण दाबलं तर खेळाडूला नव्हे, क्लबला झळ बसायला हवी.

बाँबेजिमखाना नव्हे

आता शिक्षेबद्दल. ५,००० दंड हा सगळ्यात कुचकामी भाग आहे, काढून टाका. पावती कुणाच्या नावाने फाटली आणि पैसे कुणाच्या खिशातून गेले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. प्रायोजक भरतो, नाहीतर संघमालक.

अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने वर्षानुवर्षं हाच मार्ग धरला. २०११ मध्ये कोबी ब्रायंटने पंचाला समलैंगिकांवरून हिणवणारा शब्द वापरला, १ लाख डॉलर दंड. त्याचा त्या वर्षीचा पगार २.४८ कोटी डॉलर होता, भागून बघा. पुढच्याच महिन्यात जोकिम नोआने प्रेक्षकाला तसलाच शब्द वापरला, ५० हजार. २०२२ मध्ये अँथनी एडवर्ड्स, समाजमाध्यमावरचा व्हिडिओ, ४० हजार. अकरा वर्षांत भाव उतरला म्हणायचं की काय! मधे २०१५ मध्ये राजन राँडोला एका सामन्याची बंदी झाली, तीही पंच बिल केनेडी यांच्याबाबत. कुठल्या शब्दाला किती याचं लिखित कोष्टकच नसेल तर असंच होणार, प्रत्येक वेळी नवा आकडा.

बंदी घातली तरी ती कधी भोगायची हे लिहिलं नाही तर पळवाट तयार. ऑक्टोबर २०१७, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज. ह्यूस्टनच्या युली गुरिएलने जपानच्या यू दार्विशकडे बघून डोळे ताणून दाखवले. शिक्षा पाच सामने, बिनपगारी, पण २०१८ च्या हंगामाच्या सुरुवातीला. आयुक्त मॅन्फ्रेड यांचं म्हणणं होतं की संघातल्या बाकीच्यांना शिक्षा नको. गुरिएल उरलेली वर्ल्ड सिरीज खेळला आणि ह्यूस्टनने ती जिंकली. तुमच्याकडे गटातला शेवटचा सामना संपलाय आणि उपांत्य फेरी रविवारी आहे, अशा वेळी समितीतले ज्येष्ठ हाच युक्तिवाद करणार. "पुढचा लगेचचा सामना, मग तो अंतिम का असेना" हे शब्द आत्ताच घाला. आणि उरलेली बंदी पुढच्या हंगामात, संघ बदलला तरी त्याच्यासोबत जाईल हेही.

यारा नदीकाठी

मेलबर्नहून. इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, एएफएलची घडी बघण्यासारखी आहे, कारण त्यांनी हा नियम १९९५ पासून चालवलाय. त्या वर्षी अँझॅक डेच्या सामन्यात मायकल लाँगने डेमियन माँकहर्स्टविरुद्ध तक्रार केली आणि त्यातून वांशिक-धार्मिक अपमानाविरुद्धचा स्वतंत्र नियम आला. त्यात समेटाची पायरी आहे: दोघं, मध्यस्थ, बंद खोली. सुरुवातीला समेटावर भर होता. आता समेट आणि बंदी दोन्ही.

आकडे सांगतो. २०२१ मध्ये ॲडलेडच्या टेलर वॉकरला सहा सामने आणि २०,००० डॉलर. तो त्या दिवशी खेळतही नव्हता, प्रेक्षक म्हणून दुसऱ्या लीगचा सामना बघताना एका आदिवासी खेळाडूबद्दल बोलला. ज्याच्याबद्दल बोलला त्याने ऐकलंच नव्हतं, एका पदाधिकाऱ्याने ऐकलं आणि तक्रार केली. म्हणजे तक्रार फक्त 'पीडित' खेळाडूनेच करावी असं लिहू नका, ऐकणारा कुणीही.

समलैंगिकांवरच्या शब्दासाठी २०२४ मध्ये जेरेमी फिनलेसनला तीन सामने, काही आठवड्यांत विल पॉवेलला पाच. मधल्या काळात लीगने सगळ्या क्लबांना बजावलं होतं, म्हणून वाढले. २०२५ मध्ये इझॅक रँकिनला चार, आणि त्यात फायनल्सचे (बाद फेरीचे) सामने बुडाले. ॲडलेड त्या वर्षी गुणतक्त्यात अव्वल होता, केवढा गदारोळ झाला. लीग हलली नाही.

गलीपॉइंट, तुमच्या 'लैंगिकता' या शब्दाबद्दल अभिनंदन, बऱ्याच भारतीय नियमावल्यांत तो नसतो.

तिसरा पंच

लैंगिकतेवरून आठवलं. आयसीसीच्या वर्णद्वेषविरोधी संहितेत तो शब्द नाही. म्हणून वेस्ट इंडिजच्या शॅनन गॅब्रिएलवर आचारसंहितेच्या २.१३ खाली, वैयक्तिक अपमानाची कारवाई झाली. फेब्रुवारी २०१९, सेंट ल्युशिया, समोर इंग्लंडचा जो रूट. माइकवर गॅब्रिएलचं वाक्य आलंच नाही, रूटचं उत्तर आलं: हा शब्द शिवी म्हणून वापरू नकोस, समलैंगिक असण्यात काही वाईट नाही. पंचांनी आरोप ठेवला, गॅब्रिएलने कबूल केला. ७५ टक्के मानधनाचा दंड आणि ३ अवगुण (डिमेरिट पॉइंट). त्याचे आधीचे ५ होते, ८ झाले, म्हणून चार वनडे बाहेर. इथे नोंदवही नीट होती, म्हणून साध्या कलमानेही काम केलं. सिडनीच्या उलट.

बाँबेजिमखाना नव्हे

किती सामने, यावर एक सूचना. परदेशी आकडा जसाच्या तसा उचलू नका, प्रमाण उचला. इंग्लिश एफए मैदानावरच्या गुन्ह्याला सहा ते बारा सामने धरते, पण प्रीमियर लीगचा हंगाम ३८ सामन्यांचा. सहा म्हणजे १६ टक्के. एएफएलचे पाच हे २३ पैकी, जवळपास २२ टक्के. तुमच्या गटात प्रत्येकाला सात सामने. दोन सामने म्हणजे २९ टक्के. पहिल्या गुन्ह्याला दोन पुरेत, फार तर तीन. सहा लिहिलेत तर हंगाम संपला. मग होतं असं की शिक्षा जड वाटते म्हणून समिती "सिद्ध झालं नाही" असा निकाल देऊन मोकळी होते. जड शिक्षा न लावण्यापेक्षा हलकी हमखास लावलेली बरी.

कबुलीला सूट द्या, पण किमान शिक्षेच्या खाली नाही. तीनची दोन होईल, दोनची शून्य नाही.

उलटतपासणी

आता भारतातला मुद्दा, जो कुठल्याच परदेशी नियमावलीत नाही. जातीवरून बोललेला शब्द लीगच्या कलमापुरता राहत नाही.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, कलम ३(१)(आर) आणि (एस). सार्वजनिक दृष्टिपथात अपमान करणं किंवा जातीच्या नावाने शिवी देणं. सहा महिने ते पाच वर्षं. कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाचा रस्ता मोठ्या प्रमाणात बंद. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. २०२० च्या हितेश वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींआड, त्रयस्थ नसताना बोललेलं या कलमात येत नाही असं सांगितलं. पण क्रिकेटचं मैदान म्हणजे चार भिंती नव्हेत, स्कोअरर आणि पंच तर समोरच असतात.

युवराज सिंगचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२०, रोहित शर्मासोबतचं इन्स्टाग्राम लाइव्ह, युजवेंद्र चहलबद्दल बोलताना दलित समाजातल्या एका जातीचं नाव हिणवण्यासाठी. जूनमध्ये जाहीर दिलगिरी. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये हरियाणातल्या हांसीला गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबरमध्ये अटक होऊन अंतरिम जामीन. माफीने खटला संपत नाही.

म्हणून तीन गोष्टी. एक, "तक्रारदाराने पोलिसांत जाऊ नये" किंवा "प्रकरण लीगअंतर्गत मिटवावे" असं काहीही लिहू नका, तोंडीही सुचवू नका. तडजोडीचा कागद करून घेणारा समिती सदस्य उद्या स्वतःच अडचणीत येईल. दोन, पोलिसांत गुन्हा दाखल झाला म्हणून लीगची सुनावणी थांबवू नका. इंग्लिश फुटबॉलपटू जॉन टेरीवर वर्णद्वेषी शब्दाचा आरोप आला तेव्हा एफए फौजदारी खटल्यासाठी थांबली. घटना ऑक्टोबर २०११, निकाल सप्टेंबर २०१२. न्यायालयाने जुलैत निर्दोष सोडलं, तरी एफएने चार सामने आणि २,२०,००० पौंड लावले, कारण फौजदारीत संशयातीत पुरावा लागतो आणि लीगला 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. हे मोजमाप नियमावलीत एका वाक्यात लिहा, नाहीतर आरोपीचा वकील फौजदारीचं माप तुमच्या माथी मारेल. तीन, आरोपीने सुनावणीत गप्प राहायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क, कारण इथला जबाब तिथे वापरला जाऊ शकतो. मात्र तो गप्प आहे म्हणून निकाल अडणार नाही हे लिहा.

मोबाइलवर चित्रण असेल तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली प्रत कामाची नाही. मूळ फोन जपायला सांगा. न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते मूळ उपकरणावरून निघतं.

हुतूतू

कबड्डीवाल्यांसाठी जोड. आमच्याकडे हिरवं कार्ड ताकीद, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. जातीवरून बोलला तर हिरव्यापासून चढत जायचं नाही, थेट लाल. फुटबॉलमध्ये तर मूळ नियमातच अपमानकारक भाषेला थेट लाल आहे, फक्त पंच दाखवत नाहीत.

यारा नदीकाठी

प्रेक्षकांचं काय? सिडनी, जानेवारी २०२१. प्रेक्षकांतून शेरेबाजी होतेय असं सिराजने सीमारेषेवरून येऊन रहाणेला सांगितलं, रहाणेने पंचांना. खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता, रहाणे म्हणाला आमचं काही चुकलेलं नाही, आम्ही खेळणार. नंतरच्या चौकशीत शेरेबाजी झाली हे मान्य झालं, पण काढलेले सहा जण ते नव्हतेच. घाईत हाताला लागतील ते बाहेर काढले की असं होतं.

तिसरा पंच

आणि आपल्याला बोटं दाखवायची सोय नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर सायमंड्सकडे बघून माकडासारखे हावभाव झालेच होते, सिडनीच्या अडीच महिने आधी.

प्रेक्षकांसाठी साधी कार्यपद्धती: खेळाडू कर्णधाराला, कर्णधार पंचाला, पंच खेळ थांबवून यजमान संघाच्या व्यवस्थापकाला. पहिल्यांदा ध्वनिक्षेपकावरून सूचना. दुसऱ्यांदा खेळाडू मंडपात, दहा मिनिटं. तिसऱ्यांदा सामना थांबला आणि जबाबदारी यजमानांची. फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत थोडीफार हीच. यजमानांनी सीमारेषेजवळ दोन स्वयंसेवक बसवावेत, त्यांना ओळखता येईल असा बिल्ला द्यावा. कोण बोललं हे तेच सांगू शकतील.

गलीपॉइंट

सगळ्यांचे आभार. समितीसाठी सुधारित मसुदा टाकतोय, फाडा.

"अ. जात, कूळ, धर्म, वर्ण, वंश, प्रांत, भाषा, लिंग, लैंगिकता किंवा अपंगत्व यांवरून, शब्दाने अथवा हावभावाने, समोरच्याच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला अपमान वाटेल असे वर्तन हा गुन्हा. हेतू, विनोद किंवा समोरच्याला न कळणे हा बचाव नाही.
ब. पंचाने स्वतः ऐकल्यास उरलेल्या सामन्यातून बाहेर. न ऐकल्यास स्कोअरशीटवर शब्दशः नोंद, मैदान सोडण्याआधी स्वतंत्र लेखी जबाब.
क. ऐकणारी कोणतीही व्यक्ती २४ तासांत लेखी तक्रार करू शकते. सुनावणी ५ दिवसांत, संघाच्या पुढच्या सामन्याआधी. तीन सदस्य, दोन्ही क्लबांशी संबंध नसलेले, किमान एक समितीबाहेरचा.
ड. घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त वाटल्यास सिद्ध.
इ. पहिल्यांदा २ ते ३ सामने, दुसऱ्यांदा ५ ते ७, तिसऱ्यांदा दोन हंगाम. बंदी लगेचच्या सामन्यापासून, बाद फेरीसह. उरलेली पुढच्या हंगामात.
फ. अपील ४८ तासांत, बंदी अपिलाच्या काळातही चालू.
ग. क्लबने साक्षीदारावर दबाव आणल्यास २ गुण वजा.
ह. या कार्यवाहीमुळे तक्रारदाराच्या कायदेशीर हक्कांना बाधा नाही."

उलटतपासणी

'फ' दुरुस्त करा. अपिलाच्या काळात बंदी चालू ठेवायची तर अपील पुढच्या सामन्याआधी निकाली निघायला हवं, नाहीतर निर्दोष ठरलेल्याचा बुडालेला सामना परत देता येत नाही. "अपील दाखल झाल्यापासून ७२ तासांत निकाल, तसे न झाल्यास बंदीला स्थगिती" असं करा. 'ब' मध्ये फक्त 'मैदान सोडण्याआधी' आहे, त्यात 'एकेकट्याचा' घाला.

एरंडवणेकर

'क' मध्ये १८ वर्षांखालच्या खेळाडूचा जबाब पालक किंवा प्रशिक्षकासमोर, आणि निकालपत्रात त्याचं नाव नाही, हे जोडा. १६ संघांत कॉलेजची पोरं असणारच.

समाजमाध्यमांचंही राहिलं. इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनला लॉर्ड्सवर पदार्पणाच्या दिवशी २०१२-१४ मधल्या जुन्या वर्णद्वेषी-लिंगभेदी ट्वीटांनी गाठलं; आठ सामन्यांची बंदी, त्यातली पाच स्थगित, ३,२०० पौंड. तुम्ही जुनं खणायच्या फंदात पडू नका. "नोंदणीच्या तारखेनंतरचं, लीग, संघ किंवा खेळाडूशी संबंधित लेखन" एवढंच ठेवा, संघाचे व्हॉट्सॲप गट धरून.

जुना भिडू

व्हॉट्सॲप गट धरले तर अर्धी लीग घरी बसेल. असो. 'ग' मधले २ गुण म्हणजे एका विजयाचे. त्याऐवजी नेट रनरेटमधून काही कापता येईल का?

तिसरा पंच

नाही. नेट रनरेट धावा आणि षटकांवरून निघतो, त्यात हात घातला तर गटातल्या बाकी सात संघांचं गणित बिघडतं. गुणच कापा. आणि कापलेले गुण गुणतक्त्यात वेगळ्या रकान्यात दाखवा, एकूणातून गुपचूप वजा करू नका.